अकरावी जागा

मार्चअखेरीला संध्याकाळी सातनंतर फोन वाजला की उचलायच्या आधीच माझ्या पोटात गोळा येतो. अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या चार जणांच्या कंपनीत मी आहे. माझं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. पण चार जणांत कामाची फार वाटणी परवडत नाही, म्हणून ग्राहकांचे फोनही मीच घेतो. त्या वर्षी ३१ मार्चला फोन आला तो सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरून. पलीकडं दिवाणजी होते. साठी उलटलेले, उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेलेला, आवाज कधी चढत नाही असा माणूस.

"सर, पुस्तकात लिहिलंय तसंच केलं बघा मी. आता शनिवारनंतरचं काहीच दिसंना झालंय."

"कुठलं पान बघितलं?"

"एकोणचाळीस."

एकोणचाळीस म्हणजे 'नवीन आर्थिक वर्ष सुरू करताना'. ते पान उघडलं आणि वाचता वाचता हातपाय गार पडले. नवीन वर्ष उघडण्यापूर्वी माहितीची नक्कल काढून ठेवावी, असं तिथं लिहिलं होतं. त्यासाठी फाईल मेनू उघडून वरून तिसरा पर्याय निवडावा आणि संगणकाने खात्री विचारल्यास 'हो' म्हणावे. एकेकाळी हे अगदी बरोबर होतं. पण दोन महिन्यांपूर्वी नवी आवृत्ती आली, बॅकअप उठून 'व्यवस्था' नावाच्या मेनूत गेला, आणि फाईल मेनूत वरून तिसरा पर्याय झाला 'जुनी प्रत परत भरा'. दिवाणजींनी तो निवडला. संगणकानं खात्री विचारली. त्यांनी पुस्तकाबरहुकूम 'हो' म्हटलं. शनिवारची प्रत आजच्या माहितीवर जाऊन बसली आणि मधल्या दिवसांच्या पट्ट्या (म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब), आगाऊ दिलेली उचल, हमाली, तोलाई सगळं पुसलं गेलं.

(पर्यायाचं नाव न लिहिता 'वरून तिसरा' असं लिहिणारा माणूस मीच. त्याबद्दल वेगळा लेख होईल, आणि तो माझ्या बाजूचा नसेल.)

गाडी काढून यार्डात गेलो. दिवाणजींची कच्ची वही होती म्हणून निभावलं. ते वाचत गेले, मी भरत गेलो. हळकुंड, गड्डा, कणी. पोती, वजन, दर. रात्री दीड वाजला. मध्ये तीनदा चहा सांगितला त्यांनी, एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

परतताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नवी आवृत्ती आली तेव्हा पुस्तिका मी सुधारली होती. नीट सुधारली होती. बॅकअप कसा घ्यायचा हे पुस्तिकेत अकरा ठिकाणी लिहिलेलं होतं. त्यातल्या दहा जागा मी बदलल्या होत्या.

अकरावी का सुटली? मी 'बॅकअप' हा शब्द शोधला होता. दहा ठिकाणी तो सापडला, दहाही दुरुस्त केल्या, हात झटकले. एकोणचाळिसाव्या पानावर 'बॅकअप' हा शब्दच नव्हता. तिथं मी 'माहितीची नक्कल' असं लिहिलं होतं. आणि ते का, हेही मला पक्कं आठवतं. त्या प्रकरणात तोच तो शब्द फार झाला असं वाटलं म्हणून मी तो बदलला होता. शाळेत निबंधात एकच शब्द दोन ओळींत दोनदा आला की आमच्या बाई त्याला लाल पेन्सिलीनं गोल करायच्या आणि समासात लिहायच्या, 'पुनरुक्ती!' तो उद्गारचिन्हासकटचा गोल माझ्या हाडीमाशी खिळलाय. बाईंचा त्यात काही दोष नाही. त्या निबंध शिकवत होत्या. दिवाणजींच्या हाती मी निबंध दिला, ही चूक माझी.

माहितीपुस्तिकेत एका वस्तूला दोन नावं दिली की वाचणारा त्या दोन वस्तू समजतो. एकीकडं 'जतन करा', दुसरीकडं 'सेव्ह करा', तिसरीकडं 'साठवा' असं वाचल्यावर एका बेदाणा व्यापाऱ्यानं मला सरळ विचारलं होतं, "ह्या तिन्हीत पक्कं कुठलं?" त्याला वाटलं, साठवा म्हणजे तात्पुरतं आणि जतन म्हणजे कायमचं. शब्दांवर विश्वास ठेवून वाचणारा माणूस असाच विचार करणार. माझी शैली त्याला महागात पडली.

*

त्या रात्रीनंतर मी आधी केलं ते अगदीच बाळबोध होतं. बॅकअपची कृती एकाच ठिकाणी, तिसऱ्या प्रकरणात ठेवली आणि बाकीच्या दहा जागांवर लिहिलं, 'बॅकअप घ्या (पाहा: प्रकरण ३)'. मग याच वेडात आणखी बऱ्याच गोष्टींना ही कात्री लावली. पुस्तिका एकशे दहा पानांवरून ऐंशीवर आली. मला फार अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी दिवाणजींकडं गेलो, तर पुस्तिकेत पाच ठिकाणी बोटं अडकवून ते बसलेले. डाव्या हाताची बोटं पानांत, उजव्या हातात माऊस, आणि तिसरा हात नाही ही अडचण. मला बघून म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक म्हंजे सरकारी हापीस झालंय. ह्या खिडकीवरनं त्या खिडकीला."

आमच्या घरी आईची एक पाककृतींची वही आहे. तिच्यात निम्म्या भाज्यांखाली लिहिलंय, 'फोडणी नेहमीप्रमाणे'. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही चाळली तरी नेहमीची फोडणी कुठंच लिहिलेली नाही. ती आईच्या हातात आहे. वही लिहिताना वाचणारी तीच होती, त्यामुळं तिचं कधी अडलं नाही. अडतं ते माझ्या बायकोचं. त्याच वहीत दुसरं टोकही आहे. वर्षाची चटणी (आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून उन्हाळ्यात करतात ती, शेंगदाण्याची नव्हे) तीन ठिकाणी लिहिलीय. किलोभर मिरचीला सुकं खोबरं एका जागी पाव किलो, दुसरीकडं अर्धा किलो, तिसरीकडं 'अंदाजानं'. तिन्ही बरोबर आहेत म्हणते. एक आजीची, एक मावशीची, आणि तिसरी खोबरं महागलं त्या वर्षीची. पण कुठली कुणाची, हे वहीत नाही.

म्हणजे एकदाच लिहून 'नेहमीप्रमाणे' म्हणावं तर वाचणारा उपाशी, आणि तीनदा लिहावं तर तिन्ही प्रती आपापल्या वाटेनं निघून जातात. या दोन भिंतींमध्ये मी बरेच दिवस डोकं आपटत होतो.

*

वाट सापडली ती भलत्याच ठिकाणी. गावभागात आमच्या आत्याच्या शेजारी एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. संध्याकाळी कृष्णेवर घाटावर येऊन बसतात. त्यांच्याजवळ मी माझं रडगाणं गायलो, तर ते हसले आणि म्हणाले, "अरे, तुझा प्रश्न पाणिनीनं सोडवून ठेवलाय. तू अनुवृत्ती विसरलास."

विसरलो नव्हतो, कधी शिकलोच नव्हतो. अष्टाध्यायी म्हणजे पाणिनीचा संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ, त्यात सुमारे चार हजार सूत्रं. पाणिनीचा बाणा असा की एकदा आलेला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा लिहायचा नाही. तो मागून आपोआप वाहत येतो असं धरायचं. हीच अनुवृत्ती. सरांनी सहाव्या अध्यायातलं उदाहरण दिलं. 'इको यणचि'. म्हणजे इ, उ, ऋ, ऌ यांच्या पुढं स्वर आला तर त्यांच्या जागी य्, व्, र्, ल् येतात. म्हणून 'अति अधिक' चं 'अत्यधिक'. लगेच पुढचं सूत्र, 'एचोऽयवायावः'. ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अय्, अव्, आय्, आव् येतात. पण कधी येतात? ते या सूत्रात लिहिलेलंच नाही. 'अचि', म्हणजे 'स्वर पुढं असताना', हा शब्द आधीच्या सूत्रातून आणायचा. अर्ध्या मात्रेची बचत झाली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी परिभाषाच, म्हणजे व्याकरणकारांचं ठरलेलं वचनच, आहे म्हणे.

"छान आहे," मी म्हणालो, "पण माझा दिवाणजी एकोणचाळिसावं पान उघडतो. आधीची अडतीस त्यानं वाचलेली नसतात. त्याच्यापर्यंत काही वाहत येत नाही."

"बरोबर. पाणिनीच्या विद्यार्थ्याला अख्खं शास्त्र ओळीनं पाठ असायचं. त्याला मागचं सूत्र शोधावं लागत नसे, ते तोंडात असे. आणि ज्याला पाठ नाही त्याच्यासाठी काशिका आहे."

काशिकावृत्ती ही अष्टाध्यायीवरची टीका, सातव्या शतकाच्या आसपासची. ती एकेका सूत्राखाली मागून आलेले शब्द पुन्हा भरून पूर्ण वाक्य देते. 'अचि' मूळ सूत्रात नसला तरी काशिकेच्या वाक्यात तो येतो. त्याच्या पुढच्या सूत्रात लागत असेल तर पुन्हा येतो. काशिकेला पुनरुक्तीची लाज नाही.

घाटावरून उठताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं. सूत्र लिहिणाऱ्यासाठी, वृत्ती वाचणाऱ्यासाठी. मी दोन्ही एकाच कागदावर करत होतो. जिथं मी लिहितो आणि दुरुस्त करतो तिथं गोष्ट एकदाच असली पाहिजे. दिवाणजींच्या हातात जे पान पडतं त्यात ती लागेल तितक्यांदा, पूर्ण, जागच्या जागी असली पाहिजे. आणि पहिल्यातून दुसरं यंत्रानं बनवलं पाहिजे, माझ्या हातानं नव्हे. माझा हात दहाव्या जागी दमतो.

*

हे तंत्र काही मी शोधलेलं नाही. मोठ्या कंपन्यांचे लेखक कित्येक वर्षं तेच करतायत. आयबीएममध्ये तयार झालेली 'डिटा' नावाची एक पद्धत आहे, २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती मानक म्हणून स्वीकारली. नावातला 'डी' म्हणजे चक्क डार्विन, कारण तिच्यातले मजकुराचे प्रकार आपल्या पूर्वजांचे गुण वारशानं घेतात. तिच्यात 'कॉनरेफ' म्हणून सोय आहे. एका फाईलमधल्या परिच्छेदाला नाव द्यायचं आणि बाकी ठिकाणी फक्त 'तो परिच्छेद इथं' असा निर्देश ठेवायचा. पुस्तिका तयार होताना निर्देशाच्या जागी मजकूर येऊन बसतो. आमच्यासारख्या फाटक्या खिशाच्या लोकांसाठी 'आस्कीडॉक' किंवा 'स्फिंक्स'सारखी फुकट साधनं आहेत, त्यांत हेच काम 'इन्क्लुड' नावाची एक ओळ करते. मी तीच वाट धरली. 'बॅकअप-कृती' नावाची चार पायऱ्यांची एक छोटी फाईल केली. अकरा जागी अकरा ओळी टाकल्या. कंपनीचा फोन नंबर, आवृत्तीचा क्रमांक, सॉफ्टवेअरचं नाव हेही असंच एकेका जागी बांधून टाकलं.

आणि मग मला चढली. वारंवार येणारी प्रत्येक गोष्ट मी तोडून वेगळी ठेवू लागलो. आधी परिच्छेद, मग वाक्यं, मग वाक्यांचे तुकडे. आमच्या प्रोग्रॅमरनं आगीत तेल ओतलं. तो म्हणाला, "पट्टी, सौदा, उचल, खातं, सगळ्यांची पानं सारखीच भरायची असतात. एकच वाक्य लिही, मध्ये नाव तेवढं बदलतं ठेव." इंग्रजी पुस्तिकेत त्यानं तसं केलेलं होतं आणि ते बिनबोभाट चाललं होतं. मी मराठीत केलं. यंत्रातून वाक्य बाहेर पडलं ते असं: 'सौदाच्या पानावर जाऊन नवीन सौदा भरा आणि ती जतन करा.'

दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे कुणी परमुलखातल्या माणसानं लिहिलंय काय?"

मराठीत नाम जागेवर गप्प बसत नाही. प्रत्यय लागायच्या आधी ते अंग बदलतं. सौदा, पण सौद्याच्या. खातं, पण खात्याच्या. उचल, पण उचलीच्या. बदललं नाही असं चारांत एक पट्टीच सापडली, आणि मी वाक्य तपासलं होतं नेमकं पट्टी घालून. पुढं लिंग: सौदा 'तो', पट्टी 'ती', खातं 'ते'. इंग्रजीत 'इट' म्हटलं की तिघंही एका दोरीला बांधता येतात. सामान्यरूप नावाचा शाळेतला तो रुक्ष धडा आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पडला तो असा तोंडावर.

यावर पळवाट आहे. नावापुढं 'या' घालायचं: 'सौदा' या पानावर, 'खातं' या पर्यायात. मग प्रत्यय 'पान' आणि 'पर्याय' झेलतात, नाव कोरडं राहतं. मोबाईलवरचं, एटीएमवरचं मराठी सरकारी नोटिशीसारखं का वाटतं, याचं अर्धं उत्तर मला या 'या'मध्ये सापडलं. वाक्य माणसानं लिहिलेलं असतं, पण मधली एक खुर्ची रिकामी ठेवून. तिथं कोण येऊन बसेल हे त्याला ठाऊक नसतं.

शेवटी मी ठरवलं की तुकडे करायचे नाहीत. परत वापरायचं तर पूर्ण कृती, निदान पूर्ण वाक्य. त्याहून लहान काही तोडलं की भाषेतून रक्त येतं. सौद्याचं वाक्य सौद्याच्या पानावर आणि पट्टीचं पट्टीच्या पानावर वेगवेगळं लिहिलं, दोन्हीत नव्वद टक्के शब्द सारखे आले, आणि ते मी येऊ दिले. फोन नंबर, आवृत्ती क्रमांक यांना विभक्ती लागत नाही. ते बांधलेले आहेत तसेच आहेत.

*

एक ठेच आणखी लागायची होती. सांगलीला लागून हरिपूर आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथं जमिनीखाली खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी रीत. एकदा पेव भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं हळद आत सुखरूप. पण २००५ च्या पुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं, आणि पेवात पाणी शिरलं म्हणजे एखादं पोतं भिजत नाही, सगळीच हळद जाते.

माझी ती चार पायऱ्यांची फाईल हे एक पेवच होतं. एकदा घाईत तिच्यात 'पेनड्राईव्ह काढून घ्या' ही पायरी 'प्रत पूर्ण झाली असा संदेश येईपर्यंत थांबा' याच्या आधी पडली. पूर्वी अशी चूक एका पानावर झाली असती. आता ती अकराही पानांवर एका क्षणात, सारख्याच नेटकेपणानं छापली गेली. नशिबानं आमच्याच ऑफिसातल्या मुलीनं चाचणी करताना पकडली. तेव्हापासून ज्या मजकुराच्या जास्त प्रती निघतात तो दोन जणांनी वाचल्याशिवाय, आणि एकानं संगणकावर जशाच्या तसा करून बघितल्याशिवाय पुढं जात नाही. बाकीची पानं मी एकटाच वाचतो. सगळ्या पानांना सारखी पहारेदारी ठेवायला आम्ही चारच जण.

*

मग कुठं पूर्ण लिहायचं आणि कुठं 'पाहा' म्हणून पाठवायचं? यंत्र हातात आल्यावर हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. उलट तो आत्ता खरा झाला. कारण आता पुन्हा लिहायला कष्टच नव्हते; एक ओळ टाकली की झालं. पुस्तिका परत एकशे वीस पानांवर गेली. दर दोन पानांनी तीच बॅकअपची कृती, तीच सूचना. दिवाणजी बॅकअप घ्यायला केव्हाच शिकले होते. त्यांना ते भातातल्या खड्यासारखं लागायला लागलं.

मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघत बसलो की तीच घोषणा पाच-सहा वेळा कानावर पडते. आपण वैतागतो. पण घोषणा आपल्यासाठी नसतेच पाचव्यांदा. ती आत्ता जिना उतरून धापा टाकत आलेल्या माणसासाठी असते. पुस्तिकेचंही प्रत्येक पान म्हणजे असा जिना आहे. कुणी ना कुणी नेमकं तिथूनच आत येतं, आणि येतं ते बहुतेक वेळा अडलेलं असताना, मागं ग्राहक उभा असताना.

म्हणून मी आता स्वतःला एवढंच विचारतो: ही गोष्ट वाचायची राहिली तर दिवाणजींचं काय जाईल? चार दिवसांच्या नोंदी जाणार असतील, तर ती तिथंच, ज्या पायरीला धोका आहे तिच्या आधी, पूर्ण. प्रकरण तीनचा पत्ता देऊन भागणार नाही. जाणार काही नसेल, नुसतं कळलं तर बरं असं असेल, तर 'पाहा' पुरे. बॅकअप अकराच्या ऐवजी चार जागी राहिला: वर्षअखेर, नवी आवृत्ती चढवताना, संगणक बदलताना, आणि जुनी माहिती पुसताना. बाकी सात जागांवर त्याचं काही कामच नव्हतं. मी भीतीपोटी लिहीत गेलो होतो.

आणि त्या चार जागी शब्द अगदी तेच. स्वल्पविरामासकट. पूर्वीच्या पत्रांत 'स. न. वि. वि.' असायचं. ते कुणी वाचत नसे, डोळा त्यावरून घसरून पुढच्या ओळीवर जायचा. आणि चुकून एखाद्या पत्रात ते नसलं तर मात्र लगेच जाणवायचं. सराईत वाचकाला ही मुभा पाहिजे. कृती जशीच्या तशी आली की त्याला पहिल्या तीन शब्दांत कळतं, हे आपलं माहितीतलं आहे, पुढं चला. तीच गोष्ट मी जरा शब्द फिरवून लिहिली की बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाचावं लागतं, काय बदललंय ते शोधत. बाईंच्या लाल गोलाचं भूत माझ्या मानगुटीवरून उतरलं ते इथं. घरी कविता वाचताना ते परत येऊन बसतं, तो भाग वेगळा.

*

प्रतींबद्दल एक गोष्ट मात्र कुठल्याच यंत्रानं मला शिकवली नाही, पुरानं शिकवली. सांगलीत पावसाळ्यात पाण्याची उंची एकाच ठिकाणी मोजतात असं आम्ही धरून चालतो: आयर्विन पुलावर. १९२९ सालचा पूल, त्यावरची पट्टी. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. "आयर्विनला किती?" एवढंच विचारायचं. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला माणूस सगळे तोच आकडा सांगतात. खरं एका जागी आणि बोलणं हजार तोंडी, असा माझ्या स्वप्नातला बंदोबस्त.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत फोनवर एकच संदेश फिरत होता, 'आयर्विनला पाणी स्थिर, काळजी नसावी'. सोबत आकडा होता, पुलाचं नाव होतं. वेळ नव्हती. तो सकाळचा होता की आदल्या रात्रीचा, कुणालाच कळत नव्हतं, आणि कुणीतरी कुणाला तरी पुढं पाठवतच होतं. गावभागातल्या आत्यानं तो वाचला आणि खालच्या फळीवरची ट्रंक वर ठेवायची राहू दिली. ट्रंकेत घरची जुनी कागदपत्रं होती. पाणी ओसरल्यावर आम्ही ती गच्चीवर एकेक पान सुटं करून वाळत घातली. बरीचशी चिकटून लगदा झालेली.

पट्टीवरचा आकडा खोटा नव्हता. संदेश लिहिला तेव्हा तोही खोटा नसेल. पुलापासून सुटल्यावर तो एकटाच फिरत राहिला, आणि आपण केव्हाचे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर मी पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख छापायला लागलो. प्रत्येक पानाच्या, नुसत्या मुखपृष्ठावर नव्हे, कारण लोक पानं सुटी काढतात. प्रोग्रॅमर म्हणाला, जागा जाते. जाऊ दे म्हटलं.

यंदा हळदीचा हंगाम सुरू झाल्यावर दिवाणजींच्या पेढीवर गेलो होतो. नवा प्रिंटर जोडून द्यायचा होता. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली एक कागद चिकटवलेला दिसला. खळीनं चिकटवलेला, कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. जवळ जाऊन बघितलं तर बॅकअपची कृती. माझ्या पुस्तिकेतलं पान नव्हे; दिवाणजींनी स्वतःच्या अक्षरात, शाईच्या पेनानं उतरवून घेतलेली. त्या ३१ मार्चनंतर केव्हा तरी. पहिल्या ओळीत मेनूचं नाव खोडून वर पेन्सिलीनं नवं लिहिलेलं. ते पुन्हा खोडून त्याच्या वर आणखी नवं. तिसऱ्या पायरीपुढं कंसात, 'इथं चहा सांगावा'. सगळ्यात खाली माझा मोबाईल नंबर.

मी वाचून बघितली. बरोबर होती. निदान आजच्या तारखेला.

"दिवाणजी, हे नवं छापून आणून देतो की. स्वच्छ. मोठ्या अक्षरात."

"राहू दे ओ," ते म्हणाले, नजर वहीतच. "ह्यातलं माझं लिहिलेलं तुमच्या पुस्तकात नाही."

पुढं बोलण्यासारखं काही नव्हतं. मी खिशातलं पेन काढलं, कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळ्या ठशांमध्ये थोडी जागा होती तिथं बारीक अक्षरात तारीख घातली, आणि प्रिंटरच्या तारा शोधायला टेबलाखाली शिरलो.